हात न लावता

ल्युदमिलाला तिच्या आईनं जिम्नॅस्टिक्सला घातलं ते तिथं दुपारचं जेवण मिळतं म्हणून. युक्रेनमधलं लोखंडाच्या खाणींचं शहर. बाप खाणीत, आई खाणीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला. बापाची छाती धुळीनं भरलेली, महिन्यातले निम्मे दिवस तो घरीच. दोन खोल्यांत पाच माणसं, आणि हिवाळाभर ताटात बटाटा आणि कोबी, नाहीतर कोबी आणि बटाटा. एक दिवस बालवाडीत स्पोर्ट्स स्कूलची एक बाई आली आणि तिनं सगळ्या पोरांना आडव्या दांडीला लटकायला लावलं. बाकीची पोरं पिकल्या बोरांसारखी टपाटप खाली पडली. ही लटकूनच. शेवटी त्या बाईनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"ताकद नव्हती गं," ल्युदा सांगायची. "भीती होती. सोडलं तर आईला सांगतील."

दुसऱ्या दिवशी ती बाई घरी आली. पोरीच्या अंगात काय आहे, पुढे काय होऊ शकतं, असं बरंच बोलली. ल्युदाच्या आईनं त्यातलं एकच वाक्य ऐकलं. शाळेत रोज मांसाचं सूप असतं.

हे तिनं मला इंग्लंडात, वॉटफर्डच्या माझ्या किचनमध्ये सांगितलं, चहा गार होऊ देत. तिचं इंग्रजी तुटक होतं, मी ते माझ्या मराठीत लिहितेय. मला त्या गोष्टीचं नवल वाटलं नाही. माझी आई पुण्यात लोकांची धुणीभांडी करायची, आणि मी म्युनिसिपालटीच्या शाळेत नेमानं जायचे त्याला तिथं मिळणारी सुकडी कारण होती. पुढे मी बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. पण सुकडीवर वाढलेल्या मुलीला सुपावर वाढलेली मुलगी लगेच कळते. फार समजावून सांगावं लागत नाही.

"गंमत बघ," ल्युदा म्हणाली. "पोट भरावं म्हणून घातलं, आणि त्यांनी शिकवलं काय, तर उपाशी राहायला." रोज सकाळी वजन. काटा जरा सरकला की सूप बंद, नुसता बिनसाखरेचा चहा. बाकीच्या मुली सूप पीत असताना हिनं समोर बसून वास घ्यायचा. पन्नाशीला आली तरी ती आमच्या घरी उभ्याउभ्या खायची, भराभर, कुणी काढून घेईल अशी.

ती आमच्याकडे आली आईची केअरर म्हणून. मी इथं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा मिलिंद ट्रेननं लंडनला, मुलगी लांबच्या युनिव्हर्सिटीत. बाबा गेल्यावर, व्हिसाचे नियम कडक व्हायच्या आधी, मी आईला इकडं आणलं होतं. आता ती ऐंशीला टेकलेली. सकाळी अंघोळीला आणि नाश्त्याला मदत लागायची, बाकी दिवस ती एकटी. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, एजन्सी लावून दिली आणि एजन्सीनं ल्युदाला पाठवलं. लढाई सुरू झाल्यावर ती इकडे आलेली, एका इंग्रज म्हातारीच्या घरी वरच्या खोलीत राहायची.

पहिल्यांदा मी तिला खिडकीतून पाहिलं. चणीनं एवढीशी बाई, खांद्याला बॅग, अंगात एजन्सीचा निळा ट्यूनिक, एका पायावर किंचित लंगडत, मान खाली घालून येत होती. अशी चाल मी खूप पाहिलीय, सकाळच्या पहिल्या बसमध्ये सगळे तसेच असतात. पण आमच्या फाटकाशी आल्यावर ती थांबली. बॅग खाली ठेवली, पाय जुळवले, पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली आणि मग बेल वाजवली. दार उघडलं तर समोर वेगळीच बाई. आत असेपर्यंत ती तशीच ताठ. काम झालं, फाटक मागे लागलं, की खांदे परत खाली.

मी तिला एकदा विचारलंच. म्हणाली, "जजला थकवा दाखवायचा नसतो."

"आणि जज कोण?"

"तुझी आई. फार कमी मार्क देते."

ते खरं होतं. आईनं पहिल्याच दिवशी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "सुजे, ही काडी मला धरणार व्हय? उलटं मलाच हिला धरावं लागंल."

"काय म्हणाली?" ल्युदानं विचारलं.

"तुला आधी खायला घाल म्हणाली."

मी आपलं वेळ मारून नेली, पण पुढे आईनं ते खरं करून दाखवलं. ल्युदानं आईला अंघोळ घालायची, आणि आईनं ओट्याला टेकून तिच्यासाठी भाकरी थापायची, असा व्यवहार बसला. ल्युदा मदतीला तव्याकडे गेली की आई ओरडायची, "हात लावू नको!" भाकरी उलटायला गेली, हात लावू नको. मसाल्याचा डबा सरकवायला गेली, हात लावू नको. ल्युदा हसत दोन्ही हात वर करून मागे सरकायची. तिचं मराठी असं आईच्या तोंडून उचललेलं होतं. ये, बस, खा, हळू, हात लावू नको. आणि दारातून आत येतानाचं "जयभीम, मामा." त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. आमच्या पुण्याच्या मामाला हे कळलं तेव्हा तो फोनवर खूप हसला.

तिच्या बॅगेतला फोन मधेच वेगळाच ओरडायचा. तिच्या शहरावर हवाई हल्ल्याचा इशारा झाला की तो इथं वॉटफर्डमध्ये वाजायचा. तिची आई तिकडेच, चौथ्या मजल्यावर एकटी, काही केल्या घर सोडायला तयार नाही. ल्युदा फोन बंद करायची आणि पुढचं काम करायची. आईचे केस विंचरत असली तर विंचरत राहायची. फक्त कंगवा हळू व्हायचा. आई विचारायची, "तुझ्या आईकडं वाजलं का गं?" शब्द कळत नसले तरी प्रश्न कळायचा. ल्युदा मान हलवायची.

"बंद करून टाक ना तो," मी एकदा म्हणाले. "तू इथून काय करणार आहेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण ती जागी असताना मी झोपलेली नको."

एका शनिवारी मी तिला म्हटलं, अगं, एवढी तू देशाच्या टीममध्ये खेळलेली, इथं मुलींना शिकव की. केअररचं काम करून अंग कशाला मोडून घेतेस? म्हणाली, गेले होते. एका क्लबनं बोलावलं होतं, एजवेअरच्या बाजूला. छान हॉल, उबदार, फोमच्या गाद्यांचे ढीग. तिथं एक सहा वर्षांची पोर दांडीला लटकत होती. बाकीच्या पोरी उतरल्या तरी ही सोडेना. तिचे आईबाप काचेपलीकडून फोनवर शूटिंग करत होते.

"सगळे म्हणाले, बघा, काय ताकद. मला माहीत होतं ती का सोडत नाही." ल्युदानं कप खाली ठेवला. "मी तिला सांगितलं, सोड. पडायला मी शिकवते, पडण्यात काही नाही. जमीन पळून जात नाही. तर त्यांचा मॅनेजर म्हणाला, पालक पडणं बघायला येत नाहीत. मी घरी आले. थकले मी, सुजाता. उडायला शिकवायचं त्राण नाही आता."

जमीन पळून जात नाही, हे तिचं पालुपद होतं. आई बाथरूमकडे घाईनं निघाली की ते. मी बससाठी धावत सुटले की ते. पहिल्या दिवशी आमच्या लाउंजमध्ये आल्यावर तिनं बूट काढून टाचेनं कार्पेट दाबून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "मऊ आहे. खालची गादी, अंडरले, चांगली." मला वाटलं, साफसफाईचं बघतेय. ती पडण्याचं बघत होती.

आता आईच्या खुर्चीचं सांगायला पाहिजे.

पुण्यात आई ज्या बंगल्यांत कामाला जायची तिथं तिला बसायची जागा ठरलेली असायची. दाराजवळ, फरशीवर. चहासुद्धा तिथंच, खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपात. सोफे रिकामे, खुर्च्या रिकाम्या, आणि आई खाली. शाळेला सुट्टी असली की मीही तिच्याशेजारी. वॉटफर्डला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं घरभर फिरून बघितलं आणि जाहीर केलं, "आता मी खाली बसणार नाही. बसले तर खुर्चीवर, नाहीतर उभी. खाली वाकायचं ते फक्त बुद्धाम्होरं आन् बाबासाहेबांम्होरं." आम्हाला केवढा अभिमान वाटला. मिलिंदनं तिला भारीतली खुर्ची आणली, बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणारी. विहारातसुद्धा सगळे चटईवर बसले तरी आईला खुर्ची. पाहुण्यांना ती बटण दाबून दाखवायची. "बघा, हिला सांगितलं की ही मला उठवते."

खुर्ची उठवत राहिली आणि आईचे पाय उठायचं विसरले. जन्मभर फरशीवरून उठबस केलेली बाई. वंदनेला पंचांग प्रणाम करायची, गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून, तोही हळूहळू बंद झाला. खुर्चीवरूनच हात जोडायची. "अर्धवट वाटतं," म्हणायची, पण खाली गेले तर उठवणार कोण, म्हणून खाली जायचीच नाही.

आणि मग एका मंगळवारी ती पडली.

टीव्ही आणि खुर्चीच्या मधे. लागलं काही नाही, पण उठता येईना. आम्ही दोघं कामावर गेलो होतो, सकाळी ल्युदा आली तेव्हा ती तशीच पडून होती. केअररला पडलेलं माणूस उचलायची परवानगी नसते. उचलताना दोघांनाही दुखापत होऊ शकते, म्हणून अँब्युलन्सला फोन करायचा आणि थांबायचं, असा नियम. ल्युदानं फोन केला. त्या दिवशी अँब्युलन्सला वेळ होता. मग तिनं मला लॅबमध्ये फोन केला.

मी घरी पोचले आणि लाउंजच्या दारातच थांबले. कार्पेटवर आई उताणी, आणि तिच्या शेजारी ल्युदा उताणी. दोघींच्या अंगावर आईची गोधडी. दोघी छताकडे बघत होत्या. आई तिला मराठीत कुठल्याशा बंगल्यातल्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती आणि ल्युदा मधेमधे हुंकार देत होती.

"आली बघ," आई म्हणाली. "सांग हिला, पोरी, तू तरी सोफ्यावर बस. माझ्यासंगं पडून राहिलीय कवापासून."

"उचलता येत नाही," ल्युदा छताकडे बघतच म्हणाली. "सोबत पडता येतं."

अँब्युलन्सच्या माणसांनी आईला उठवलं, आणि त्यानंतर कौन्सिलची बाई घरी आली. चांगली होती, हळू बोलायची. म्हणाली, आई पडून तासन् तास राहिली तर जिवाशी गाठ. दिवसा घरात कुणीतरी हवं, नाहीतर केअर होमचा, इथल्या वृद्धाश्रमाचा, विचार करा. मी नोकरी सोडू शकत नव्हते, घराचे हप्ते दोघांच्या पगारावर. तिच्यासोबत आलेली फिजिओ म्हणाली, पडल्यावर त्यांना स्वतःचं स्वतः उठता आलं तर गोष्ट वेगळी. उठायची पद्धत तिनं करून दाखवली आणि इथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जूनमध्ये, पुन्हा बघायला येऊ म्हणाली.

आईला त्या सगळ्यातला एकच शब्द कळला होता. त्या गेल्यावर म्हणाली, "होम म्हंजे लोकांचं घर ना? जन्म लोकांच्या घरी काढला. आता मरायला पण लोकांच्याच घरी?"

मी ल्युदाला फोन करून सगळं सांगितलं.

रविवारी ल्युदा आली. ट्यूनिक नाही, साधा स्वेटर, हातात केक. "आज मी एजन्सीची नाही," म्हणाली. "आज पाहुणी." आणि पाहुणीनं आत येऊन पहिलं काम काय केलं, तर आईच्या खुर्चीचा प्लग काढला.

"सुजे! माझी खुर्ची बंद केली ह्या बाईनं!"

"ती म्हणतेय, आधी खाली बसायला शिकायचं. मग उठायला."

"खाली मी बसणार नाही. सांग तिला. माझा शब्द हाय."

मी सांगितलं. बंगले, फरशी, खिडकीतला कप, सगळं. ल्युदा ऐकत राहिली. मग ती स्वतः आईच्या खुर्चीसमोर कार्पेटवर बसली, लंगडा पाय लांब करून, आणि म्हणाली, "तिला माझं सांग." मी दोघींच्या मधे बसून सांगत गेले.

तिचा देश नवानवा स्वतंत्र झाला होता. हॉल तापवायला पैसे नाहीत, सराव करताना तोंडातून वाफ. नव्या देशाच्या रंगाचे ड्रेस नव्हते, तर कोचच्या बहिणीनं निळ्या कापडावर पिवळी पट्टी शिवून दिली. मोठी स्पर्धा, परदेशात, ल्युदा अठराची. तिचं सगळ्यात आवडतं फ्लोअर. नुसतं कार्पेट, कडेनं पांढरी रेघ, आणि तेवढी मिनिटं ते सगळं तुमचं. "दांडीवर मी घाबरायचे," ती म्हणाली. "बीमच्या अरुंद फळीवर घाबरायचे. जमिनीवर मी कुणाला घाबरले नाही."

शेवटची उडी राहिली होती. धावत आली, जोर घेतला, आणि मागून कुणीतरी टाचेवर लाथ घातल्यासारखं झालं. टाचेमागची शीर तुटली होती. ती तोंडावर आपटली. संगीत चालूच.

"मास्तरीण कुठं होती?" आईनं विचारलं. ती आता पुढे सरकून बसली होती.

"रेघेच्या बाहेर. माझ्यापासून एवढ्यावर." ल्युदानं हात लांब केला.

"मग हात नाही दिला?"

"हात लावला तर मार्क कापतात. टीमचे. तिनं रेघ ओलांडली नाही. ती उकिडवी बसली आणि हळू आवाजात सांगत राहिली. गुडघा. हात. आता दुसरा हात. बघ माझ्याकडे. जमीन पळून जात नाही." ल्युदानं पाय चोळला. "मी उठले. एका पायावर. जजकडे तोंड केलं, दोन्ही हात वर केले. ते केल्याशिवाय एक्सरसाइज पूर्ण धरत नाहीत. मग मला उचलून नेलं."

"मेडल?"

"कसलं मेडल, मामा. टीम मेडलच्या जवळपासही नव्हती. मी परत कधी खेळले नाही. दवाखान्यात पहिल्या दिवशी मी अख्खा पाव लोण्याबरोबर खाल्ला. माझं करिअर म्हणजे एवढंच. पण तो एक्सरसाइज पूर्ण आहे. कुणी हात लावलेला नाही."

आईनं तिच्या लांब केलेल्या पायाकडे बघितलं. मग मला म्हणाली, "सुजे, हे कार्पेट कुणाचं?"

"आपलं, आई."

"घर?"

"आपलंच. हप्ते चालू आहेत, पण आपलं."

"मग मी कुणाच्या दारात बसत नाहीये." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, आणि ल्युदाला म्हणाली, "चल. सांग काय करायचं."

त्या रविवारी ती जमिनीपर्यंत गेली नाही. ल्युदानं तिला आधी स्टुलावर बसवलं आणि उठवलं. पुढच्या रविवारी सोफ्याच्या गाद्या एकावर एक ठेवून त्यांवर. मग दर वेळी एक गादी कमी. हात द्यायचा नाही, हे ठरलेलं. ल्युदा समोर उकिडवी बसायची आणि नुसती बोलायची. गुडघा. हात. हळू. आई चिडायची, शिव्या द्यायची. "रांडेच्चे, जीव घेशील माझा!" ल्युदा मला विचारायची, काय म्हणाली? मी म्हणायचे, जोर लावतेय. मधेच बॅगेतला फोन वाजायचा, ल्युदाचा चेहरा क्षणभर मेल्यासारखा व्हायचा, आणि ती पुन्हा म्हणायची, "ऊठ." आठवडाभर दुसऱ्यांच्या आयांना अंघोळी घालून तिचे डोळे आत गेलेले असायचे. मी म्हणायचे, एखादा रविवार झोप गं. ती म्हणायची, "झोपून हा थकवा जात नाही."

बुद्धपौर्णिमा आली. विहार म्हणजे आमच्याकडे भाड्यानं घेतलेला कम्युनिटी हॉल. पुढे टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. स्टॅनमोर, हॅरो, स्लाउ, सगळीकडून माणसं आलेली, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, मागे छोल्यांचा वास. ल्युदा दोन कामांच्या मधल्या वेळात आली होती, ट्यूनिकमध्येच, दाराजवळ भिंतीला टेकून उभी.

वंदना संपता संपता आई खुर्चीवरून उठली आणि चालत पुढे गेली. मूर्तीसमोर थांबली. ती काय करणार ते मला कळलं. ती एक हात टेबलाला लावून गुडघ्यावर गेली, मग दुसरा गुडघा, मग हात, मग कपाळ.

हॉलमध्ये कुजबूज झाली. "अगं बाई, आजी पडल्या का?" गायकवाड काका पुढच्या रांगेतून उठले, दोन बायका धावल्या, कुणी पाणी म्हणालं. तिघांचे हात आईच्या दंडाशी पोचले आणि मागून आवाज आला.

"हात लावू नको!"

मराठीत. एकेरीत. आईकडून शिकलेलं, आईच्याच सुरात. अख्खा हॉल दाराकडे वळला. तिथं ही एवढीशी गोरी बाई, हात लांब केलेला, डोळे आईवर. धावलेली माणसं जागच्या जागी थिजली. त्या हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांनी हे शब्द आयुष्यात कधी आणि कुणाकडून ऐकले होते ते मला सांगायला नको. गायकवाड काकांनी हात मागे घेतला आणि तो हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

ल्युदा चटईच्या कडेपर्यंत आली. बूट काढले नव्हते म्हणून चटईवर पाय ठेवला नाही. तिथंच उकिडवी बसली. "गुडघा, मामा," ती म्हणाली. "हात. हळू."

आईनं एक पाय पुढे घेतला. तो थरथरत होता. मांडीवर दोन्ही हात ठेवले. एकदा ती मागे आली, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. मिलिंदनं तो धरला. दुसऱ्यांदा तिनं तोंडातल्या तोंडात ती रविवारची शिवी दिली, बुद्धासमोर, आणि उठली.

टाळ्या झाल्या, रडारड झाली. मी मागे वळून पाहिलं तर ल्युदा घड्याळ बघत होती. तिला कॅशिओबरीच्या बाजूला एका आजोबांना जेवण द्यायचं होतं. कुणीतरी तिच्या हातात छोल्यांचा डबा कोंबला, आणि ती बस गाठायला निघून गेली.

कारमध्ये आई म्हणाली, "ते शब्द माझ्या भल्यासाठी कुणी बोललं, अशी ही पहिली वेळ."

जूनमध्ये कौन्सिलची बाई आणि फिजिओ आल्या. आई त्यांच्यासमोर कार्पेटवर बसली, आडवी झाली, उठली, आणि वर विचारलं, "परत करू का?" त्यांनी होमचं नाव काढलं नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा ल्युदा एकदा संध्याकाळची आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, तिची आई घरात पडली. शेजारणीला कळलं तोवर खूप वेळ गेला होता. आता बरी आहे, पण एकटी राहू शकत नाही.

"तिथं लढाई चालू आहे, ल्युदा," मी म्हणाले.

"तिथं आई आहे," ती म्हणाली. मी आणखी बरंच बोलले, व्हिसा, नोकरी, कागदपत्रं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मी इथं सगळ्यांच्या आयांना उठवते, सुजाता. थकायचंच आहे तर तिच्याजवळ थकते."

निघायच्या दिवशी ती भेटायला आली. आईनं तिला भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ल्युदा पिशवीला हात लावायला गेली तर आई सवयीनं ओरडली, आणि दोघी हसल्या, आणि मग दोघींना हसता येईना. आई दारात उभी राहिली, चौकटीला धरून. मी फाटकापर्यंत गेले.

रोज फाटक लागलं की तिचे खांदे पडायचे. मी त्याचीच वाट बघत होते. ती रस्त्यापलीकडे स्टॉपवर गेली, दोन्ही बॅगा खाली ठेवल्या, आणि आमच्या घराकडे तोंड करून वळली. पाय जुळवले. हनुवटी वर. दोन्ही हात सरळ वर गेले, बोटांच्या टोकापर्यंत ताणलेले, आणि क्षणभर तसेच राहिले. मग बस मधे आली.

तिचा मेसेज येतो अधूनमधून. तिची आई आता स्टुलापर्यंत आली आहे, गाद्या अजून बाकी आहेत.

माझी आई स्वतःच्या घरात आहे. रोज सकाळी कार्पेटवर बसून वंदना करते, आणि कुणी हात न लावता उठते.